निळ्या टिळ्याची गाढवं

सबंध वऱ्हाडात गाढवाच्या लिदीसाठी साखरपुड्याची भरली पंगत सोडून उठलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात आहे. ते आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नात्याने साडू असले तरी सगळं गाव त्यांना सर म्हणतं, त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो. चांदूर बाजारला एका साखरपुड्याच्या जेवणात ते माझ्या शेजारी बसले होते. पानात शेवयांची खीर पडली होती. सरांनी एक शेवई बोटावर उचलून उजेडात धरली आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, "साडभाऊ, जाडी अगदी हीच असते. लांबी मात्र कमी." कशाची, ते मी विचारलं नाही. समोरच्या बाईंनी विचारलं आणि मग आमच्या ओळीतली खीर तशीच राहिली. तेवढ्यात मांडवाबाहेर एक गाढव उभं राहून आपला कार्यभाग उरकताना सरांना दिसलं. ते हातातला घास ठेवून उठले, द्रोण घेऊन गेले आणि परत आले तेव्हा तो द्रोण भरलेला होता. व्याह्यांनी तो प्रसंग अजून मनावर घेतलेला आहे.

तर सरांना गाढवांच्या पोटातल्या जंतांचं वेड आहे. व्यासंग म्हणा, छंद म्हणा, ताई त्याला "साडेसाती" म्हणतात. हे वेड लागलं कसं, याची हकीकत ते स्वतः गंभीरपणे सांगतात. निवृत्तीच्या समारंभात जुने विद्यार्थी एकामागून एक उठून बोलले. एक जण म्हणाला, सरांनी मला गाढव म्हटलं म्हणून मी शिकलो. दुसरा म्हणाला, मलाही. तिसरीही तेच म्हणाली. सभागृह हसत होतं आणि सर हारात मान घालून विचार करत होते. घरी आल्यावर ताईंना म्हणाले, "पोरायले मी जिंदगीभर गाढव म्हनलो. पन गाढवाची आन माही ओळख काय? काहीच नाही. ज्याचं नाव एवढं वापरलं, त्याची एकदा विचारपूस कराले पायजे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच विचारपूस करायला मोर्णा नदीच्या काठच्या भोईपुऱ्यात, म्हणजे भोई लोकांच्या वस्तीत गेले. जुन्या अकोल्याच्या बोळांत अजून टेम्पो शिरत नाही, तिथे विटा, रेती, पडक्या भिंतींचा मलबा गाढवांवरूनच जातो, आणि ती गाढवं भोईपुऱ्यातली. सर तिथे गेले ते परत आलेच नाहीत, असं मला कधीकधी वाटतं. अंथरुणापुरते काय ते घरी येतात.

जंत डोळ्यांना दिसत नाहीत तोवर त्यांची अंडी शोधायची असतात आणि त्यासाठी लीद मिठाच्या दाट पाण्यात कालवायची असते. मग अंडी हलकी होऊन वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. हे सगळं सरांनी ताईंच्या स्वयंपाकघरात सुरू केलं. चहाची गाळणी गेली, मग पीठ चाळायची चाळणी गेली, मिठाचा तर डबा भरला की संपू लागला. किराणावाला ताईंना म्हणाला, "काय वहिनी, यंदा पापडाची ऑर्डर घेतली का?" ताई काही बोलल्या नाहीत. शाळेने भंगारात काढलेलं सूक्ष्मदर्शक यंत्र सरांनी आणून देवघराशेजारी ठेवलं, कारण सकाळचा उजेड तिथेच चांगला येतो, तरीही त्या बोलल्या नाहीत. त्या बोलल्या ते फ्रीजच्या वेळी. मी एकदा अमरावतीहून गेलो होतो, दही घ्यायला फ्रीज उघडला आणि एक झाकणाचा डबा बाहेर काढला. डब्यावर चिठ्ठी होती, 'मैना, सकाळची'. मला वाटलं मैना ही दहीवाली असेल. पुढचं मी सांगत नाही. त्या दिवसापासून ताईंनी फ्रीजला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. गल्लीत अशी बातमी पसरली की सरांनी पेन्शनीचं सोनं घेऊन फ्रीजमध्ये ठेवलं आहे.

सरांचा निश्चय हा एक स्वतंत्र प्राणी आहे. तिवशाला आमच्या पुतण्याच्या लग्नात वरात निघाली, नवरदेव घोडीवर बसला, बँड सुरू झाला आणि सर त्या घोडीच्या पुढच्या पायांशी उकिडवे बसले. एक माशी असते म्हणे, ती जनावराच्या पायांच्या केसांना बारीक पिवळी अंडी चिकटवते. जनावर पाय चाटतं, अंडी तोंडात जातात आणि मग अळ्या जठराच्या भिंतीला तोंड खुपसून महिनोनमहिने बसतात. घोडी असो नाहीतर गाढव, माशीला भेदभाव नाही. सरांनी वरातीतल्या न्हाव्याकडून वस्तरा मागून घेतला आणि एकेक केस खरवडायला सुरुवात केली. बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा वाजवलं, मग पुन्हा वाजवलं. मुलीकडचे लोक दारात ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळले. नवरदेव वरून म्हणाला, "मोठे बाबा, मुहूर्त चालला ना." सर मान वर न करता म्हणाले, "तुहा मुहूर्त आज आहे. इच्या पोटात हे वर्षभर राहतीन. दुसरा पाय पुढं घे म्हना इले." मुहूर्त टळला नाही, पण थोडक्यात वाचला.

भोईपुऱ्यात मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. तिथली माणसं सरांना मान देत, बसायला खुर्ची देत, चहा पाजत आणि औषधाचा विषय निघाला की हसत. किसनाभाऊ हा तिथला जाणता माणूस, बापजाद्यांपासून गाढवं पाळणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "सर, गाढवाले कदी काही होत नाही. होते तवा ते मरते." हे ऐकून हसू येतं, पण सर हसले नाहीत. ते मला म्हणाले, हा माणूस अर्धं खरं बोलतो. बैल दुखलं की दाखवतो, गाय दाखवते, गाढव दाखवत नाही. पोटात जंतांचा बाजार भरला तरी ते ओझं उचलून मुकाट चालत राहतं आणि दाखवतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग सरांनी सूक्ष्मदर्शक उचलून भोईपुऱ्यात नेलं, ओट्यावर मांडलं आणि एकेकाला डोळा लावायला सांगितलं. किसनाभाऊ बराच वेळ पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "साबुदाना दिसते." त्याची बायको गंगाबाई म्हणाली, "भिजवेल साबुदाना." सभा तिथेच संपली.

किसनाभाऊची मैना ही सरांची खरी काळजी होती. फ्रीजमधली ती हीच. उन्हाळ्यापासून ती वाळत चालली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट मात्र खाली लोंबलेलं, केस उभे आणि शेपटीचा बुडखा भिंतीला घासून घासून उघडा पडलेला. किसनाभाऊ काही दुष्ट माणूस नव्हे. मैनेला त्याने आपल्या हाताने वाढवली होती. पण ओझं तिच्याने उचलत नव्हतं आणि कामाला न येणारी गाढवं नेणारा एक व्यापारी असतो. तो पोळ्यानंतर येणार होता. ती गाढवं तो पुढे कुठे नेतो, ते कुणी विचारत नाही. "मले का हौस हाय?" किसनाभाऊ सरांना म्हणाला, तेव्हा तो सरांकडे बघत नव्हता. सर घरी आले आणि ताईंनी वाढलेलं तसंच ठेवून मला फोन केला. "साडभाऊ, पोळ्याले ये. मले मानूस लागते." मी म्हटलं, पोळ्याला आमच्याकडे पुरण असतं. ते म्हणाले, "पुरन अथीच लागनार आहे. लय लागनार आहे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या अकोल्याकडे भोई मंडळी पोळ्याला गाढवांचा पोळा करतात. बैलाने शेतकऱ्याला पोसलं, तसं गाढवाने आम्हाला पोसलं, हा हिशेब. त्या दिवशी एकाही गाढवाच्या पाठीवर ओझं चढत नाही. त्यांना नदीवर धुतात, रंगवतात, गळ्यात माळा घालतात, पाठीवर जुन्या लुगड्याची झूल टाकतात आणि पुरणपोळी चारतात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरांना बजावून सांगितलं होतं की औषध द्यायचं तर सगळ्या कळपाला एकाच दिवशी द्या. चार गाढवांना दिलं आणि बाकीची तशीच राहिली, तर ज्या काठावर ती चरतात तिथूनच जंत पुन्हा पोटात. ही डॉक्टरीणबाई सरांची विद्यार्थिनी. नववीत तिलाही त्यांनी गाढव म्हटलेलं होतं आणि ती ते विसरलेली नव्हती. सगळी गाढवं एका जागी उभी आहेत, रिकामी आहेत आणि तोंडाशी आलेलं खात आहेत, असा दिवस वर्षात एकच. सरांनी तो धरला. किसनाभाऊने आधी डोकं खाजवलं, मग म्हणाला, "सनाच्या दिवशी सर, तुमी पोळी चारून राह्यले म्हनून समजू. पोळीत काय हाय ते आमाले नोका सांगू." मैनेच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी वेगळं सांगितलं होतं. "तिला शेवटी, मी आल्यावर. मी वजन बघून मात्रा ठरवते. ती फार अशक्त आहे, सगळे जंत एकदम मेले तर आतडं तुंबेल."

औषध दिलेलं गाढव ओळखायचं कसं, याचा सरांनी फार विचार केला होता. गुलाल चालणार नाही, गुलाल सगळ्यांनाच. हळद चालणार नाही, गेरू चालणार नाही. म्हणून त्यांनी कपड्यांना घालायची नीळ आणली. पोळ्याला निळा रंग कुणी वापरत नाही. ज्याला पोळी दिली त्याच्या कपाळावर निळा टिळा, भानगड नाही. मी पोळीच्या सुरळीत औषध भरून देत होतो, सर चारत होते आणि टिळा लावत होते. काम फार सुरेख चाललं होतं. इतकं सुरेख, की सरांनी निळीची बाटली गंगाबाईच्या ओट्यावर ठेवून चहा घेतला. आम्ही चहा पिऊन वळलो तर भोईपुऱ्यातल्या समस्त बायका त्या बाटलीभोवती. रंग सगळ्यांना फार आवडला होता. यंदा काहीतरी नवीन म्हणून त्यांनी उरलेल्या सगळ्या गाढवांना एकेक टिळा लावून टाकला होता आणि ज्यांना आधीचा होता त्यांचा जरा मोठा केला होता.

सर ओट्याच्या पायरीवर बसले. मग उठून त्यांनी किसनाभाऊला विचारलं, मैना कुठली. किसनाभाऊने दाखवली. धुतलेली, अर्धी पिवळी, अर्धी गुलाबी, पाठीपासून पोटाखालपर्यंत गंगाबाईचं हिरवं लुगडं आणि कपाळावर निळा टिळा. मैनेला सर ओळखत होते ते बरगड्यांवरून, आणि बरगड्या लुगड्याखाली होत्या. "मी इले देल्लं का?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. हिरव्या लुगड्याच्या एका गाढवाला दिल्याचं मला पुसट आठवत होतं, पण हिरवी लुगडी तिथे बरीच होती. सरांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नाही. दिलं असेल तर पूर्ण मात्रा गेली होती आणि दिलं नसेल तर आता द्यायचं धाडस नव्हतं.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. पोळ्याचा दिवस, पुरण खाऊन बैलांची पोटं फुगलेली, त्या सकाळपासून तेच करत फिरत होत्या. मैनेचं पोट त्यांनी कान देऊन ऐकलं. बाकीच्यांना पुन्हा पोळी गेली तरी बाधणार नाही, पण हिला दिलंय की नाही ते कळेपर्यंत काही द्यायचं नाही म्हणाल्या. कळणार कसं, मी विचारलं. "लिदीतून," त्या आणि सर एकदमच म्हणाले. मग त्या सरांना म्हणाल्या, "तुम्ही घरी जा सर, हे लोक बघतील." सर म्हणाले, "चूक माही आहे. मी इथून हालत नाही." ते खरोखर हलले नाहीत. गंगाबाईने आतून खुर्ची आणून दिली, ती त्यांनी मैनेच्या मागे मांडली आणि बसले. ताईंनी डबा पाठवला, पांघरूण पाठवलं आणि निरोप पाठवला की फ्रीजची किल्ली मिळेल, पण घरी या. सर गेले नाहीत, म्हणून मलाही जाता आलं नाही. बादली माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेने चारा सोडला. खाली मान घालून उभी राहिली, पाणी दाखवलं तर तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई येऊन सुई देऊन गेल्या, आणि तिला बसू देऊ नका, हळूहळू फिरवत राहा, असं सांगून गेल्या. फिरवायला किसनाभाऊची माणसं होती, पण दोरी सरांनी सोडली नाही. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निवृत्त शिक्षक आणि एक रंगवलेलं गाढव, दोघंही खाली मान घालून. मी जवळून गेलो तर ते तिच्याशी बोलत होते. "चाल. शाबास. घाई नाही. तुले जमते." मी त्यांचा वर्ग कधी पाहिला नव्हता, पण वर्गात ते असं बोलले असतील असं मला वाटत नाही. मला त्यांचा फार राग आला होता आणि फार कीवही येत होती. दोन्ही एकदम.

दुपारी व्यापाऱ्याची गाडी बोळाच्या तोंडाशी लागली. तो खाली उतरला, मैनेकडे पाहिलं आणि किसनाभाऊला म्हणाला, "हेच ना? चढवा." सर दोरी धरून तिथेच उभे राहिले. वाद घातला नाही, भाषण केलं नाही. फक्त म्हणाले, "इचं पोट साफ होईपर्यंत हे कुठी जात नाही." व्यापारी हसला आणि किसनाभाऊकडे वळला. किसनाभाऊ सरांकडे पाहत होता, त्यांच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे, निळ्या झालेल्या बोटांकडे. "थांबा जरा, भाऊ," तो व्यापाऱ्याला म्हणाला. सगळा भोईपुरा ओट्यांवर येऊन उभा राहिला. आणि त्या सगळ्यांच्या देखत मैनेने शेपटी उचलली.

सर गुडघ्यांवर बसले. बादलीची आठवणसुद्धा त्यांना राहिली नाही. काडीने त्यांनी लीद पसरली आणि आम्ही सगळे वाकलो. पांढरे, लांब, गुंतागुंतीचे, मेलेले. मला तेवढ्यातही साखरपुड्याची खीर आठवली. म्हणजे तिला औषध गेलं होतं, पूर्ण गेलं होतं, आणि ती त्यातून निभावली होती. किसनाभाऊ बराच वेळ पाहत राहिला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं तसाच, पण आता साबुदाणा म्हणाला नाही. "हे सारे इले खाऊन राह्यले होते?" त्याने विचारलं. सरांनी मान डोलावली. "आन हे वझं वाहून राह्यली होती," तो स्वतःशीच म्हणाला. मग उठून व्यापाऱ्याजवळ गेला. "नाही देत. पोट आता खाली झालं तिचं. जराक भरू द्या." त्या संध्याकाळी मैनेने मूठभर कडबा खाल्ला. सर घरी गेले, आंघोळ केली आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपले.

यंदाच्या पोळ्याला मी स्वतःहून गेलो. सरांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, सूक्ष्मदर्शकात त्यांना आता धुकं दिसतं, म्हणून काच बघायचं काम माझ्याकडे आलं आहे. माझ्या बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. भोईपुऱ्यात औषधासाठी विनवावं लागलं नाही, माणसं गाढवं घेऊन रांगेत उभी होती. मैना अशी भरली होती की हिरवं लुगडं तिला पुरत नव्हतं. बाहेरून पाहायला आलेल्या एका पाहुणीने विचारलं, हा निळा टिळा काहून लावता? गंगाबाई म्हणाली, "आमच्यात पयलेपासून हाय तो." मी सरांकडे पाहिलं. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना कधी राहवत नसे. ते ऐकून पुढच्या गाढवाला पोळी चारायला लागले.

रांग मात्र आखूड होती. बोळांत शिरणारा छोटा टेम्पो आता निघाला आहे, रेती त्यातून जाते. किसनाभाऊच्या पोराने तो घेतला आहे. किसनाभाऊने बाकीची जनावरं देऊन टाकली, मैनेला ठेवली. तिला काम काही नाही. शेवटच्या गाढवाला टिळा लावून झाला तेव्हा सर तिथेच उभे राहिले, पुढे कुणी आहे का पाहत. पुढे कुणी नव्हतं. गंगाबाईने त्यांच्या हातून बाटली घेतली, बोट बुडवलं आणि म्हणाली, "तुमी रांगीत उभे आहात सर, तुमाले बी लावते." आणि त्यांच्या कपाळावर निळा टिळा लावला. सगळे हसले. सरही हसले, पण जरा उशिरा.

घरी येताना ऑटोत त्यांनी मला विचारलं, "साडभाऊ, पुढच्या पोळ्याले किती राहतीन रे?" मला उत्तर माहीत होतं आणि त्यांनाही होतं. घरी पोचल्यावर ते नळाशी गेले, हातपाय धुतले, मग ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं. खालून वर, भुवयांपर्यंत, आणि तिथे हात थांबवला. ताई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कपाळाकडे पाहिलं आणि टॉवेल हातात देण्याऐवजी स्वतःच हळू हाताने त्यांचे गाल पुसले.